एक तसबीर चुकीच्या हातात पडली आणि मराठी रंगभूमीला शंभर वर्षं टिकणारं नाटक मिळालं

सारंगखेड्याची यात्रा म्हटलं की आधी घोडे आठवतात. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर हे गाव आहे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि देशभरातले घोडेवाले इथं उतरतात.

पण दिवस मावळला की यात्रेचा रंग बदलतो. खान्देशातल्या कुठल्याही मोठ्या यात्रेसारखे इथंही तमाशाचे तंबू लागतात. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गाणं संपतं न संपतं तोच विनोद सुरू होतो, आणि हसून पोट दुखायला लागलं की पुन्हा ढोलकी वाजते.

गाणं आणि विनोद एकत्र आले की माणूस जागचा हलत नाही, हे या तंबूंना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर याच जोडीवर अख्खा धंदा उभा राहिला. तिथले जुने संगीत विनोदी खेळ आजही नव्या संचात उभे राहतात आणि लोक तिकीट काढून जातात.

मराठीतही असं एक नाटक आहे. १९१६ साली ते रंगमंचावर आलं आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी त्याचे प्रयोग होतात. नाटकाचं नाव संगीत संशयकल्लोळ आणि लिहिणाऱ्याचं नाव गोविंद बल्लाळ देवल.

गंमत अशी की हे नाटक गाण्यांसकट रंगमंचावर आलं, तेव्हा ते बघायला देवल हयात नव्हते.

हरिपूरचा मुलगा

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. गाव हरिपूर, सांगलीच्या अगदी शेजारी, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं.

सांगली आणि नाटक हे नातं तेव्हाही जुनं होतं. देवलांच्या जन्माआधी बारा वर्षं, म्हणजे १८४३ साली, विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच सीतास्वयंवराचा खेळ केला होता. मराठी नाटकाची सुरुवात तिथून मोजतात. देवल अशा मुलखात वाढले जिथं नाटक ही ऐकीव गोष्ट नव्हती, शेजारी घडलेली होती.

शिक्षणासाठी ते बेळगावला गेले. तिथं त्यांची गाठ पडली बळवंत पांडुरंग किर्लोस्करांशी, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांशी. पुढं देवल स्वतःही बेळगावात शिक्षक झाले. पण मन फळ्यापेक्षा रंगमंचावर जास्त होतं.

३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेबांनी पुण्यात संगीत शाकुंतलचा प्रयोग केला. त्यातली पात्रं स्वतःच बोलत होती आणि स्वतःच गात होती. त्याआधीच्या नाटकांत गाण्याची जबाबदारी बहुतेक सूत्रधाराकडे असायची. पुढं १८८२ साली सौभद्र आलं.

अण्णासाहेबांच्या चाली कुठून आल्या होत्या? कीर्तनातून, साकी-दिंडीतून आणि लावणीतूनही. म्हणजे यात्रेच्या तंबूत वाजणारं काहीतरी नाट्यगृहातही पोचलं होतं, फक्त कपडे बदलून.

देवल याच किर्लोस्कर मंडळीत नट म्हणून उभे राहिले आणि तालमी घेण्यातही हातभार लावू लागले. अण्णासाहेब १८८५ साली गेले. त्यांनी लावलेलं रोप वाढवणाऱ्यांत देवल पुढे होते.

दुसऱ्याची गोष्ट, घरचं नाटक

देवलांनी आयुष्यात एकूण सात नाटकं लिहिली. दुर्गा, मृच्छकटिक, विक्रमोर्वशीय, झुंझारराव, शापसंभ्रम, शारदा आणि संशयकल्लोळ.

या सातांतलं पूर्णपणे स्वतंत्र नाटक एकच, ते म्हणजे शारदा. बाकीची सहा संस्कृत किंवा इंग्रजीवरून घेतलेली. आजच्या भाषेत सांगायचं तर सातातले सहा रिमेक.

पण देवलांची ताकद इथंच दिसते. परक्या गोष्टीतला सांगाडा घ्यायचा आणि त्यावर असं मराठी बोलणं चढवायचं की प्रेक्षकाला मूळ गोष्ट परकी होती याचा पत्ताच लागू नये. त्या काळात नाटकातली भाषा अनेकदा जड आणि अलंकारांनी लादलेली असायची. देवलांची पात्रं मात्र ओसरीवर बसल्यासारखी बोलतात.

तालीम घेतानाही त्यांचा कटाक्ष यावरच असायचा. गाणं आलं म्हणून अभिनय थांबता कामा नये आणि वाक्य म्हणताना माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे. रंगभूमीवरच्या दोन पिढ्यांसाठी ते देवल मास्तर होते. या मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात मोठा विद्यार्थी म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

बालगंधर्वांचं खान्देशाशी जुनं नातं आहे. लहानपणी ते जळगावात राहिले आणि तिथंच मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. गाण्याचे धडे जळगावात गिरवलेल्या या मुलाला अभिनयाचे धडे देवलांनी दिले.

शारदा आणि एक गैरसमज

देवलांचं नाव घराघरात पोचवलं ते १८९९ च्या शारदेनं.

गोष्ट साधी आणि भयानक. भुजंगनाथ नावाचा पंचाहत्तरीचा म्हातारा, त्याला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. कांचनभट नावाचा लोभी बाप, त्याला पैसे हवेत. या दोघांच्या सौद्यात अडकलेली कोवळी मुलगी म्हणजे शारदा.

नाटक आलं तो काळ लक्षात घ्या. जेमतेम आठ वर्षांपूर्वी, १८९१ साली, इंग्रज सरकारनं संमतिवयाचा कायदा करून वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली होती, आणि तेवढ्यावरूनही देशभर रान उठलं होतं. त्याच समाजापुढे देवलांनी जरठ-बाला विवाहाचा विषय मांडला. भाषण न देता, हसवत आणि गात. लोक भुजंगनाथाच्या हौसेवर हसायचे आणि शारदेचं दुःख ऐकून गप्प व्हायचे.

आता त्या गैरसमजाबद्दल. १९२९ साली बालविवाह रोखणारा कायदा आला. तो सारडा कायदा म्हणून ओळखला जातो, मराठीत त्याचा शारदा कायदाही झाला. त्यामुळे कायद्याला देवलांच्या नायिकेचं नाव दिलं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते नाव हे विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. पण महाराष्ट्रात लोकांना कायदा म्हटल्यावर नाटक आठवावं, यातच देवलांचं यश दिसतं.

रुमाल आणि तसबीर

शारदा गाजली, पण आज देवलांचं सर्वांत हसवणारं नाटक कोणतं म्हटलं की संशयकल्लोळचंच नाव येतं. ते कसं जन्मलं हे कळायला दोन तारखा शेजारी ठेवून बघायला लागतात.

१८९० साली देवलांचं झुंझारराव आलं. हे शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून बेतलेलं. त्यात एक रुमाल आहे. तो रुमाल चुकीच्या हातात सापडतो, नवऱ्याच्या डोक्यात संशय भरवला जातो आणि तो आपल्या निरपराध बायकोचा जीव घेतो.

तीनच वर्षांनी, १८९३ साली, त्याच देवलांनी फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा हे गद्य नाटक लिहिलं. त्यात एक तसबीर आहे. तीही चुकीच्या हातात सापडते, नवऱ्याच्या डोक्यात संशय भरतो. पण इथं कुणी मरत नाही. इथं प्रेक्षक हसून हसून मरतो.

मुद्दा तोच, वस्तू फक्त वेगळी. एकाच लेखकानं एकाच संशयातून आधी शोकांतिका उभी केली आणि मग प्रहसन.

मूळ गोष्ट फ्रान्सची. मोलिएरनं १६६० साली स्गानारेल नावाचं छोटं प्रहसन लिहिलं आणि त्यातली संशयी नवऱ्याची भूमिका स्वतःच केली. शंभर वर्षांनी, १७६१ साली, आर्थर मर्फीनं त्यावरून ऑल इन द राँग हे इंग्रजी नाटक केलं. तिथून ते देवलांच्या हाती आलं. पॅरिस, लंडन आणि मग थेट महाराष्ट्र.

देवलांनी केलेली गंमत नावांपासूनच सुरू होते. त्यांनी पात्रांची नावं पंचांगातून उचलली. महिने आणि नक्षत्रं. नवरा फाल्गुनराव, त्याची बायको कृत्तिका, तरुण श्रीमंत प्रेमिक अश्विनशेठ, त्याची प्रेयसी रेवती, नोकर भादव्या. अख्खं आकाश एकमेकांवर संशय घेत फिरतंय.

आता घोटाळा बघा. रेवतीला रस्त्यात घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो. हे कृत्तिका लांबून बघते आणि समजते की नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे. त्या गडबडीत रेवतीच्या हातातली अश्विनशेठची तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असतानाच फाल्गुनराव येतो आणि समजतो की बायकोचं बाहेर काहीतरी चालू आहे. पुढं तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात अश्विनशेठला दिसते. तो समजतो की रेवतीनं आपलं प्रेम दुसऱ्याला वाटून टाकलं.

म्हणजे चौघांनीही आपल्या डोळ्यांनी जे बघितलं ते खरंच घडलं होतं. तसबीर खरी, घेरी खरी, सावरणं खरं. खोटा फक्त प्रत्येकानं काढलेला अर्थ.

आणि इथंच हे नाटक ऑथेल्लोपासून वेगळं होतं. तिथं संशय घेण्याचा अधिकार एकट्या नवऱ्याला आहे. बायकोला आपली बाजू मांडायची धड संधीही मिळत नाही. इथं कृत्तिका नवऱ्याइतकीच संशयी आहे आणि नवऱ्याइतकीच तोंडाळही. ती त्याला उलट जाब विचारते, त्याच्यावर पाळत ठेवते, भांडते. दोन्ही बाजूंना तोंड मिळालं की संशयाचं विष उतरतं आणि त्याची चेष्टा होते. रुमालानं जीव घेतला आणि तसबिरीनं संसार सावरला, त्यामागचं कारण एवढंच.

रेवतीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती कलावंतिणीच्या घरातली मुलगी आहे. तिला लग्न करून संसार करायचा आहे. अश्विनशेठचा तिच्यावर जीव आहे, पण एक तसबीर इकडची तिकडे होताच तो तिच्या जन्मावर जातो. दुसऱ्या कुणा घरंदाज मुलीबद्दल त्यानं कदाचित आधी विचारून घेतलं असतं. रेवतीच्या बाबतीत त्याला विचारायची गरजच वाटत नाही. १८९३ सालच्या नाटकात अशी मुलगी नायिका आहे, ती निर्दोष ठरते आणि शेवटी सन्मानानं लग्न करते. शारदा लिहिणारा माणूस या हसऱ्या नाटकातही लपत नाही.

गाणी आली तेवीस वर्षांनी

फाल्गुनराव हे गद्य नाटक होतं. त्याचं संगीत नाटक व्हायला तेवीस वर्षं गेली.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मंडळीला नवी नाटकं हवी होती. देवल मास्तरांनी आपलं जुनं नाटक पुन्हा हातात घेतलं, त्यात पदं घातली आणि नाव ठेवलं संगीत संशयकल्लोळ.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. प्रहसनाचा जीव वेगात असतो आणि गाणं वेग थांबवतं. गैरसमज वर वर चढत असताना मध्येच कुणी दहा मिनिटं ताना घेत बसलं तर प्रेक्षकाच्या हातून धागा सुटतो. देवलांनी गाणी बरीचशी रेवती आणि अश्विनशेठ या प्रेमिकांकडे दिली. फाल्गुनराव आणि कृत्तिका या भांडकुदळ जोडप्याकडे मुख्यतः बोलणं ठेवलं. त्यामुळे एका जोडीनं हसवायचं आणि दुसरीनं गावून जीव शांत करायचा अशी वाटणी झाली. पुन्हा तेच, ढोलकी आणि बतावणी.

पण पडदा वर जाण्याआधीच, १४ जून १९१६ ला, देवलांचं निधन झालं. तेव्हा ते साठ वर्षांचे होते.

चार महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९१६ ला, गंधर्व नाटक मंडळीनं संशयकल्लोळचा पहिला प्रयोग केला. फाल्गुनराव झाले गणपतराव बोडस आणि रेवती झाले बालगंधर्व. बोडसांचा फाल्गुनराव इतका गाजला की पुढं ही भूमिका करणाऱ्या प्रत्येक नटाची तुलना त्यांच्याशी होत राहिली. मास्तरांच्या शेवटच्या नाटकाची नायिका त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्यानं उभी केली आणि मास्तर तेवढे प्रेक्षकांत नव्हते.

असंच काहीसं चाळीस वर्षांनी सातासमुद्रापार घडलं. बर्नार्ड शॉचं पिग्मॅलियन हे १९१३ सालचं विनोदी गद्य नाटक. त्यात गाणी घालायला शॉचा जिवंतपणी विरोध होता. १९५० साली शॉ गेला आणि १९५६ साली त्याच नाटकावरून ब्रॉडवेवर माय फेअर लेडी आलं. त्याचे सलग २,७१७ प्रयोग झाले. पुढं १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी पिग्मॅलियनवरून मराठीत ती फुलराणी केलं आणि भक्ती बर्व्यांनी ते अजरामर केलं.

फरक एवढाच की शॉला गाणी नको होती आणि देवलांनी ती स्वतःच्या हातानं लिहिली होती. दोन्हीकडे सिद्ध झालं ते एकच. मुळात पक्कं रचलेलं हसतं नाटक असेल तर गाणी त्याचं आयुष्य वाढवतात. मूळ नाटकच पोकळ असेल तर गाणी मागे उरतात आणि नाटक विसरलं जातं. संगीत रंगभूमीवरच्या कितीतरी नाटकांचं पुढं तसंच झालं. त्यांची पदं मैफिलीत जगली, पण प्रयोग थांबले.

अजून का चालतं?

सिनेमा आला, बोलपट आला आणि संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. रात्रभर चालणारी नाटकं तीन तासांवर आली. बायकांच्या भूमिका बायका करू लागल्या. पण संशयकल्लोळ टिकलं. हौशी संस्थांनी केलं, व्यावसायिकांनी केलं. अलीकडच्या काळात प्रशांत दामले यांनी फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांनी अश्विनशेठ साकारला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात संगीत नाटक पाहिलं नव्हतं अशी तरुण मंडळीही नाट्यगृहात आली.

कारण शोधायला लांब जायला नको. तसबिरीच्या जागी मोबाईल ठेवा. कुणीतरी कुणाचा फोटो लाईक केला, कुणाच्या फोनवर कुणाचं नाव चमकलं, मेसेज वाचून उत्तर आलं नाही. डोळ्यांनी दिसलं ते खरं, काढलेला अर्थ खोटा. फाल्गुनराव आज असता तर बायकोचं लास्ट सीन बघत बसला असता आणि कृत्तिका त्याचं.

देवलांच्या आठवणी महाराष्ट्रानं जपल्या आहेत. हरिपुरात गावातला पार दाखवून इथं बसून देवलांनी शारदा लिहिली असं सांगितलं जातं. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद १४ जून हा त्यांचा स्मृतिदिन पाळते आणि त्या निमित्तानं रंगकर्मींचा गौरव करते.

पण खरं स्मारक म्हणाल तर ते नाट्यगृहात दिसतं. फाल्गुनराव बायकोच्या हातात तसबीर बघतो, प्रेक्षकांना सगळं माहीत असतं, त्याला काहीच माहीत नसतं आणि हशा फुटतो. सारंगखेड्याच्या यात्रेत बतावणीला तंबूत पिकणारा हशा आणि हा हशा, दोघांची जात एकच. शेजारी बसलेल्या जोडप्यांपैकी कुणीतरी त्या वेळी एकमेकांकडे हळूच बघतं. देवलांना हे बघायला मिळालं नाही, पण त्यांनी ते लिहून ठेवलं होतं.